बेरेनिकेला सातवाहनांची नाणी सापडली, म्हणजे आपली माणसं तिथे राहत होती का?

सागरवेध: इजिप्तमध्ये लाल समुद्राच्या काठी, वाळवंटाच्या कडेला बेरेनिके हे रोमनकालीन बंदर आहे. तिथल्या उत्खननात सातवाहनांची दोन नाणी मिळाल्याचं वाचलं आणि फार आनंद झाला. पण एवढ्यावरून आपली माणसं तिथे राहत होती असं म्हणता येईल का?

बीजवेडी: नाण्यांवर विसंबू नका, नाणं कोणाच्याही कनवटीला बसून जातं. मी उत्खननातल्या बिया ओळखण्याचं काम करते, म्हणून मी आधी मिरी बघते. सेरापिस या देवाच्या देवळाच्या अंगणात पहिल्या शतकातला, भारतीय घडणीचा रांजण पुरलेला मिळाला. आत साडेसात किलो काळी मिरी होती! तरी तोही विकायचा मालच. मला जास्त बोलके वाटतात तिथे सापडलेले मूग आणि तांदूळ. मूठभर मूग रोमच्या बाजारासाठी कोण नेईल? ते खलाशांच्या किंवा तिथे मुक्काम केलेल्यांच्या जेवणातले असावेत. इतरत्र बहुधा जळून कोळसा झालेले दाणेच आमच्या हाती लागतात. तिथे पाऊस जवळपास नाहीच, त्यामुळे न जळलेले दाणेसुद्धा सालीसकट टिकतात.

आणि माणसाचाच पुरावा हवा असेल तर इसिस या इजिप्शियन देवीच्या देवळातला संस्कृत शिलालेख आहे, रोमन सम्राट फिलिपच्या काळातला (इ. स. 244–249). शिलालेख काही कनवटीला बसून जात नाही, तो तिथेच कोरून घ्यावा लागतो.

सागरवेध: शिलालेखाचं ठाऊकच नव्हतं! पण इतक्या रखरखीत जागी बंदर कशाला? नाईलपासून किती लांब ते.

दर्यावर्दी: वाऱ्यामुळे. लाल समुद्राच्या उत्तर भागात जवळजवळ वर्षभर उत्तरेचा वारा असतो. माल भरलेलं गलबत त्याच्या तोंडावर सुएझपर्यंत नेणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यापेक्षा बेरेनिकेला उतरून उंटांवरून नाईलकाठच्या कॉप्टोसला जाणं बरं. रोमन लेखक प्लिनीने ही वाट बारा दिवसांची सांगितली आहे. प्यायचं पाणीसुद्धा आतल्या विहिरींवरून आणावं लागे आणि त्याच्या नोंदी खापरांवर लिहिलेल्या मिळाल्या आहेत.

बीजवेडी: एक राहिलंच. गावाबाहेर प्राण्यांची दफनभूमी आहे, बहुतेक मांजरं आणि काही कुत्री. त्यांच्यातच भारतातून आणलेली माकडंही पुरलेली आहेत. अख्खा समुद्र ओलांडताना कोणीतरी त्यांना आपल्या वाटणीचं पाणी पाजलं असेल. मिऱ्यांपेक्षा हल्ली माझं मन तिथेच घुटमळतं.