सीड सायकलिंग करावं की रोजचं ताट सुधारावं?

मुक्ता: सीड सायकलिंग म्हणजे पाळीच्या पहिल्या दिवसापासून चौदा दिवस जवस नि भोपळ्याच्या बिया, मग चौदा दिवस तीळ नि सूर्यफुलाच्या बिया. याने हार्मोन्स जागेवर येतात म्हणे. मला हे पटत नाही. जवसातल्या लिग्नान या घटकापासून आतड्यात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनशी साधर्म्य असलेली संयुगं तयार होतात, इथपर्यंत खरं. पण दर पंधरवड्याला बिया बदलल्याने पाळी नियमित होते याला भक्कम पुरावा नाही. शिवाय 21 ते 35 दिवसांचं चक्र नॉर्मल असतं. सगळ्यांना चौदाव्या दिवसाचं गणित कसं लागू होईल?

खरा प्रश्न लोहाचा आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. पाळीत सरासरी 30-40 मिली रक्त जातं, म्हणजे 15-20 मिलिग्रॅम लोह. धान्य-भाज्यांतलं लोह अंगी थोडंच लागतं, त्यामुळे ते चार दिवसांत भरून निघत नाही, महिनाभर खावं लागतं.

स्नेहल: लोहाबद्दल मान्य. पण म्हणून चक्राचे टप्पे विसरायचे का? ओव्ह्युलेशननंतर, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडल्यावर, प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं, शरीराचं तापमान किंचित चढतं, बऱ्याच जणींना भूकही जास्त लागते. त्या दिवसांत "किती खातेस गं!" हे घरोघरी ऐकू येतं. तेव्हा मुलीने उपाशी न राहता दोन घास जास्त खावेत, हेही चक्रानुसार खाणंच झालं. 2019 चा विश्वचषक जिंकलेल्या अमेरिकी महिला फुटबॉल संघाने खेळाडूंच्या पाळीच्या नोंदी ठेवून आहार नि विश्रांतीकडे लक्ष दिलं होतं. आणि कॅल्शियमने पाळीआधीचा त्रास कमी होतो, हे तर 1998 च्या अमेरिकी चाचणीत दिसलंय.

मुक्ता: त्या चाचणीत बायकांनी 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम रोज घेतलं होतं, सलग तीन चक्रं! तिसऱ्या चक्रात त्रास 48 टक्क्यांनी घटला, पण नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचाही 30 टक्क्यांनी घटला. टप्पा पाहून कुणी काही खाल्लंच नव्हतं. भुकेचं मात्र तुझं बरोबर आहे, भूक लागली की खावं. त्यासाठी तक्ता कशाला?

रेवती_लातूर: आमच्याकडे जवसाची नि तिळाची चटणी बारा महिने पानात असते, कुणी तारखा मोजत नाही. बियांना माझा विरोध नाही. महागड्या पाकिटांना आहे, आणि त्यापायी डॉक्टरांकडे जाणं लांबवण्याला तर जास्तच. तासाला पॅड बदलावं लागत असेल, पाळी दोन-तीन महिने चुकत असेल, तर आधी तपासणी करा. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही बघून घ्या, साठ्यातलं लोह त्यात कळतं.

स्नेहल: तपासणी हवीच. तरी मुलींनी तारखा लिहून ठेवाव्यात असंच म्हणेन. चक्र बिघडलंय हे डॉक्टरांना त्या नोंदींवरूनच सांगता येतं.

मुक्ता: नोंदी जरूर ठेवा. आणि जेवणावर लिंबू पिळा, चहा तासभर उशिरा घ्या. लोह शोषलं जाण्यासाठी याचा उपयोग होतो, पाळीचा दिवस कोणताही असो.