मदत हवी आहे : कराओकेची पट्टी उतरवली की ठेका बिघडतो

एमिनेम-रिहानाचं 'लव्ह द वे यू लाय' (2010) ऑफिसच्या गॅदरिंगला करतोय. रॅप मी करणार, शिव्या गाळून पाठही झालाय. अडचण धृपदाची. मूळ पट्टी जी मायनर, आमच्या गायिकेचा आवाज वर चिरकतो. ई मायनरमध्ये मस्त लागतो.

मोबाइल ॲपवर कराओके तीन सेमीटोन (म्हणजे तीन अर्धे सूर) उतरवून पाहिला. लय तीच राहिली, पण ड्रम्स डबा बडवल्यासारखे आणि पियानो पाण्याखालून आल्यासारखा. नुसत्या गिटारवर (ई मायनर, सी, जी, डी) ती छान गाते, पण ठेक्याशिवाय माझा रॅप म्हणजे पाढे!

लॅपटॉप नाही, फक्त अँड्रॉइड. दुसरं गाणं सुचवू नका, नाव देऊन झालंय. ड्रम्स मूळ पट्टीतच ठेवून फक्त बाकीची वाद्यं उतरवता येतील असं फुकट ॲप कुणी वापरलंय का?