२४ आठवडे आणि नवऱ्याची सही

गोदाकाठ: काल बालाघाट यांनी लिहिलं, "२०२१ मध्ये संसदेने गर्भपाताच्या मुदतीचे २० चे २४ आठवडे केले आणि मुली मारणाऱ्यांना महिनाभर वाढवून दिला." वाचून रात्रभर डोक्यातून गेलं नाही. अहो, गर्भाचं लिंग सोनोग्राफीत २० आठवड्यांच्या कितीतरी आधी कळतं. पाप करणारे पाचव्या महिन्यापर्यंत थांबतात का? बाळातले दोष शोधणारं अ‍ॅनोमली स्कॅनच मुळी १८ ते २० आठवड्यांत होतं. दोष तेव्हा कळायचा आणि मुदत तिथेच संपायची. २००८ मध्ये मुंबईत एका जोडप्याला बाळाच्या हृदयाचा दोष कळला तेव्हा मुदत उलटून गेली होती. डॉ. निखिल दातार त्यांच्यासोबत उच्च न्यायालयात गेले, परवानगी मिळाली नाही. कायदा बदलायला पुढे १३ वर्षं लागली.

बालाघाट: ताई, मी बीडचा. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. माझ्या वहिनीला दोनदा "तपासायला" नेलं, दोन्ही वेळा ती रिकामी परत आली. कलमं मला शिकवू नका. राज्यसभेतसुद्धा विधेयक प्रवर समितीकडे पाठवा अशी मागणी झाली होतीच की!

गोदाकाठ: झाली होती. पण त्या चर्चेत अनेकांचा आक्षेप तुमच्या उलट होता: निर्णय बाईचा नाही, डॉक्टरांचा आणि मेडिकल बोर्डाचा राहतो म्हणून.

रेवा_नगर: आठवड्यांवर किती भांडाल? सहीचं बोला. माझा नवरा आखातात होता, दोन लेकरं पदरात, तिसऱ्यांदा दिवस गेले. दवाखान्यात म्हणाले, नवऱ्याची सही आणा. सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, हे १९७१ पासून कायद्यात आहे. मला कुणी सांगितलं नाही. सासरे सही करायला आले आणि अख्ख्या गल्लीला कळलं.

सुईदोरा: मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. सही लागत नाही, खरंय. पण "आमच्या सुनेचं परस्पर खाली केलं" म्हणत पन्नास माणसं दवाखान्यावर चालून येतात, तेव्हा कायदा दारात उभा राहत नाही. माझ्या काचा फुटल्यात.

रेवा_नगर: डॉक्टर, तुमच्या काचा वाचवायला माझी अब्रू गहाण का? काचा परत बसतात.

सुईदोरा: जरा जपून बोला. २०१२ नंतर एमटीपीच्या, म्हणजे गर्भपाताच्या, गोळ्यांवर इतके छापे पडले की मेडिकलवाल्यांनी त्या ठेवणंच सोडलं. गर्भलिंगनिदानाचा धाक दाखवून सगळ्यांनाच घाबरवलं. वास्तविक त्या गोळ्या लिंग कळायच्या आधीच्या आठवड्यांत घ्यायच्या असतात.

गोदाकाठ: म्हणजे बालाघाट यांची भीतीच बायकांच्या मुळावर आली.

बालाघाट: माझी भीती? माझ्या घरातल्या दोन मुली गेल्या, ताई. शब्द मागे घ्या.

गोदाकाठ: तो शब्द मागे घेते. मुद्दा नाही.

सुईदोरा: रेवाताई, सही मागणं चूक आहे. मीही मागत आलोय. यापुढे नाही मागणार, पण काचांचं तेवढं सरकारने बघावं.

बालाघाट: सहीचं मलाही पटलं. गोळ्यांचंही, घ्या. २४ आठवड्यांचं नाही. आणि एक सांगतो. वहिनीच्या वेळी नवऱ्याची सही कुणी मागितलीच नव्हती. फॉर्म सी वर, म्हणजे गर्भपाताच्या संमतीपत्रावर, तिचाच अंगठा होता. दादाने तिचा हात धरून उमटवलेला.