कंट्रोलचे शॉर्टकट मधेच बंद, मधेच सुरू. कीबोर्ड बदलला, फॉरमॅट केलं, तरी तेच

जुळाऱ्याची लेक, सोलापूर

नमस्कार मंडळी. तीन महिने झाले, आता हात टेकले म्हणून लिहितेय. जरा सविस्तर लिहिते, कारण दुकानात आणि फोनवर अर्धवट सांगून काही उपयोग झाला नाही.

मी घरी पुस्तकांची अक्षरजुळणी करते आणि दुपारनंतर इंग्रजीतून मराठी भाषांतराचं काम घेते. लॅपटॉपवर विंडोज ११ आहे आणि बाहेरून यूएसबी कीबोर्ड जोडलाय. मराठी इन्स्क्रिप्टमध्येच (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कीबोर्ड-मांडणी, म्हणजे लेआउट) टाइप करते, वीस वर्षं तीच सवय आहे. भाषांतराचं टूल ब्राउझरमध्ये चालतं. डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे माझं मराठी. त्या टूलचे स्वतःचे शॉर्टकट आहेत: कंट्रोल+डी दाबलं की मूळ वाक्यातले टॅग (ठळक अक्षरं, दुवे वगैरेंच्या खुणा) माझ्या वाक्यात उतरतात, कंट्रोल+के दाबलं की जुन्या भाषांतरांत शब्द शोधता येतो, आणि कंट्रोल+एंटर दाबलं की वाक्य पक्कं होऊन पुढचं येतं.

हे शॉर्टकट कधी चालतात, कधी नाही. म्हणजे कंट्रोल+डी दाबते, टॅग उतरतात, सगळं छान. चार वाक्यांनंतर तेच दाबते, तर ब्राउझरची बुकमार्कची खिडकी उघडते. कंट्रोल+के दाबावं तर कर्सर उडी मारून वर पत्त्याच्या पट्टीत जाऊन बसतो. माझी नजर डावीकडच्या इंग्रजी वाक्यावर असते, त्यामुळे अर्धं वाक्य पत्त्याच्या पट्टीत टाइप झाल्यावर कळतं. दिवसाला अडीचशे वाक्यं करायची असतात हो. दर दहा वाक्यांमागे असं झालं की मनातलं वाक्यही तुटतं आणि कोणता शब्द सुचला होता तोही जातो.

केलेले उपाय: ६५० रुपयांचा नवा कीबोर्ड घेतला. दोन दिवस बरं वाटलं, मग तेच. लॅपटॉप दुकानात नेला तर तिथल्या मुलाने माझ्यासमोर पंधरा वेळा कंट्रोल+डी दाबून दाखवलं, पंधराही वेळा चाललं. तरीही फॉरमॅट करून दिलं, ५०० रुपये. घरी आणून काम सुरू केलं आणि अर्ध्या तासात बुकमार्कची खिडकी हजर. लॅपटॉप बंद करून चालू केला की मात्र दर वेळी थोडा वेळ नीट चालतं. म्हणून दिवसातून तीन-तीनदा रीस्टार्ट करतेय.

दुसरं एक सांगते, संबंध आहे की नाही माहीत नाही. भाच्याने ऑटोहॉटकीमध्ये (स्वतःचे शॉर्टकट बनवायचा प्रोग्राम) एक छोटी स्क्रिप्ट करून दिलीय. कंट्रोल+ऑल्ट+जे दाबलं की प्रकाशकाचा पूर्ण पत्ता उमटतो. तीही कधी कधी मुकी होते.

कुणाला असा अनुभव आहे का?

नाशिकचा हार्डवेअरवाला

ताई, कीबोर्डवर आणखी एक रुपयाही खर्च करू नका. तुमच्याच लिहिण्यात उत्तर आहे: बुकमार्कची खिडकी उघडते, म्हणजे कंट्रोल आणि डी या दोन्ही कळा संगणकापर्यंत नीट पोचतायत. कंट्रोलची कळ खराब असती तर वाक्यात नुसतं एक अक्षर उमटलं असतं. इथे ब्राउझरला निरोप मिळतोय, फक्त तुमच्या टूलला मिळत नाही.

तरी खात्रीसाठी दोन गोष्टी बघा. विंडोज+कंट्रोल+ओ दाबलं की पडद्यावर कीबोर्ड येतो. तुम्ही काहीही न दाबता त्यात शिफ्ट, कंट्रोल किंवा ऑल्ट उजळलेली दिसते का? दिसली तर ती अडकलेली आहे. आणि सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन स्टिकी कीज (शिफ्ट-कंट्रोल एकदा दाबली की दाबून धरल्यासारखी राहते ती सोय) आणि फिल्टर कीज बंद आहेत ना ते बघा. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की फिल्टर कीज सुरू करायची विचारणा होते, आणि घाईत आपण होकार देऊन बसतो. ती सुरू असली की झटकन दाबलेल्या कळा विंडोज मोजतच नाही. माझ्याकडे अशी 'बिघडलेली' किती तरी यंत्रं आली आहेत, ज्यांत काहीच बिघडलेलं नव्हतं.

पण माझा संशय वेगळा आहे. चार दिवस एक वही जवळ ठेवा. शॉर्टकट चुकला की लगेच लिहा: वेळ, कोणती खिडकी, कोणता शॉर्टकट, त्याच्या लगेच आधी काय टाइप केलं, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात भाषा कोणती दिसतेय. चालला तेव्हाचंही अधूनमधून लिहा. नुसत्या चुकलेल्या वेळा लिहिल्या तर काही कळत नाही.

घाईतला

इंग्रजी लेआउट ठेवून काम करा, मराठी दुसरीकडे टाइप करून पेस्ट करा. सगळे तसंच करतात.

जुळाऱ्याची लेक, सोलापूर

काका, वही घातली. स्टिकी आणि फिल्टर दोन्ही बंदच होत्या, पडद्यावरच्या कीबोर्डमध्येही काही अडकलेलं नाही.

चार दिवसांत चुकलेल्या नोंदी १४. त्यांपैकी ११ भाषांतराच्या टूलमधल्या, आणि अकराही वेळा कोपऱ्यात मराठी होतं. चाललेल्या ९ वेळा लिहिल्या, त्यांतल्या आठ वेळा इंग्रजी होतं. नववी नोंद कंट्रोल+एंटरची. ते मराठीतही चाललं. मग मुद्दाम दहा वेळा करून बघितलं. मराठीत कंट्रोल+एंटर दहाही वेळा चालतं, कंट्रोल+डी एकदाही नाही. कॉपी आणि पेस्ट मात्र मराठीतही बिनतक्रार.

आता मागचं सगळं उलगडलं. रीस्टार्टनंतर माझा लॅपटॉप इंग्रजीत सुरू होतो, म्हणून थोडा वेळ बरं वाटायचं. दुकानातल्या मुलाने मराठी लावलंच नव्हतं. आणि मी एखादं संक्षिप्त नाव किंवा कंपनीचं नाव रोमनमध्ये लिहायला इंग्रजीत गेले की लगेच पुढचा शॉर्टकट चालायचा.

'घाईतला' यांना: तुमचा उपाय मी करणार नाही. हे टूल मराठीत भाषांतर करायलाच दिलंय. मराठी दुसऱ्या खिडकीत लिहून इथे चिकटवायचं असेल तर टॅग, जुनी भाषांतरं, शब्दसूची यांचा उपयोगच राहत नाही. आणि सगळे तसंच करतात म्हणून ते बरोबर ठरत नाही. मराठी टाइप करताना मराठीचं टूल चाललंच पाहिजे.

उरलेल्या तीन नोंदी पत्त्याच्या स्क्रिप्टच्या. तिन्ही वेळा माझा जुना अक्षरजुळणीचा प्रोग्राम समोर होता. भाषा दोनदा इंग्रजी, एकदा मराठी. हे कोडं राहिलंय.

कोथरूडचा कोडवाला

ताई, तुमची वही बघून आनंद झाला. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत इतकं नेमकं क्वचित कुणी लिहितं.

पहिलं कोडं. तुम्ही कळ दाबली की ब्राउझर त्या पानाला दोन वेगळ्या गोष्टी कळवतो. एक, कोणतं अक्षर आलं. दोन, कीबोर्डवर कोणत्या जागेची कळ दाबली. इंग्रजीत डीच्या जागी डीच येतो, म्हणून फरक कळत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये डीच्या कळेवर हलन्त आहे, केवर क, एमवर स. तुम्ही मराठीत कंट्रोल+डी दाबता तेव्हा पानाला कळतं की 'कंट्रोल आणि हलन्त' आलं. टूल लिहिणाऱ्याने फक्त अक्षर तपासलं असणार: डी आहे का? नाही. मग टूल गप्प बसतं, आणि कळ पुढे ब्राउझरकडे जाते. ब्राउझर आणि विंडोज मात्र आपापले शॉर्टकट कळेवरून ओळखतात, म्हणून बुकमार्क उघडतो आणि कॉपी-पेस्टही चालतं. एंटरचं नाव कोणत्याही लिपीत एंटरच, म्हणून ते कधीच चुकत नाही. रशियन किंवा हिब्रूत टाइप करणाऱ्यांनाही हाच त्रास होतो.

पक्का इलाज टूलवाल्यांच्या हातात आहे, आणि तो मोठा नाही. अक्षराबरोबर कळेची जागाही तपासायची. त्यांना नक्की लिहा. तोवर टूलच्या सेटिंगमध्ये शॉर्टकट बदलायची सोय असेल तर डी आणि के काढून एफ२, एफ८ अशा कळा द्या. त्यांना लिपी नसते.

आणखी एक. भाषा नकळत बदलते असं होतं का? डावी ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून सोडली तरी विंडोज भाषा बदलतं. वर्डमध्ये परिच्छेद वर-खाली सरकवायला ऑल्ट+शिफ्ट+बाण वापरत असाल, तर बाण न दाबता बोटं उचलली की झालं. ते बंद करायला: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, इनपुट लँग्वेज हॉट कीज. तिथे 'बिटवीन इनपुट लँग्वेजेस'साठी कळांची जोडी बदलून 'नॉट असाइन्ड' करा. भाषा बदलायला विंडोज+स्पेस राहतंच, आणि ते चुकून दाबलं जात नाही.

दुसरं कोडं: तो जुना प्रोग्राम तुम्ही 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडता का?

जुळाऱ्याची लेक, सोलापूर

हो! तसा उघडला नाही तर तो सुरूच होत नाही. तुम्हाला कसं कळलं?

कोथरूडचा कोडवाला

साध्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्या खिडकीत कळा पाठवायला विंडोज मनाई करतं. विंडोज व्हिस्टा या जुन्या आवृत्तीपासून हे असंच आहे आणि मुद्दाम आहे, नाहीतर कुठलाही भुरटा प्रोग्राम अधिकाराच्या खिडकीत हवं ते टाइप करेल. तुमची स्क्रिप्ट साधी, तो प्रोग्राम अधिकाराचा. तो समोर असेपर्यंत ती मुकी. भाच्याला सांगा, टास्क शेड्यूलरमधून (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप सुरू करायची विंडोजची सोय) लॉग-इनच्या वेळी 'हायेस्ट प्रिव्हिलेजेस'ने, म्हणजे वरच्या अधिकाराने, स्क्रिप्ट सुरू करायची. फक्त त्या स्क्रिप्टमध्ये काय आहे ते त्याने ओळ न ओळ वाचलेलं असू द्या.

नाशिकचा हार्डवेअरवाला

कंट्रोल+ऑल्टबद्दल माझी एक पुरवणी. विंडोज बऱ्याच लेआउटमध्ये उजव्या ऑल्टला कंट्रोल+ऑल्टच समजतं. इंग्लिश इंडिया लेआउटमध्ये उजवी ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ येतं, ते त्यामुळेच. म्हणून स्वतःचे शॉर्टकट करताना कंट्रोल+ऑल्ट+४ घेऊ नका.

जुळाऱ्याची लेक, सोलापूर

आज आठवडा झाला, म्हणून सांगायला आले. टूलमध्ये शॉर्टकट बदलायची सोय निघाली. तीन पातळ्या खाली लपलेली होती. टॅगला एफ२ दिलं, शोधाला एफ८. ऑल्ट+शिफ्ट काढून टाकलं. परिच्छेद सरकवायचं मी खरंच तसंच करते, आणि बोट उचलायची सवयही तीच. भाच्याने स्क्रिप्टचं काम रविवारी येऊन केलं. या आठवड्यात वहीत एकही नोंद नाही आणि एकदाही रीस्टार्ट केलेलं नाही.

कोडवाले दादा, तुम्ही अक्षर आणि जागा असं म्हणालात तेव्हा बाबांची आठवण झाली. ते छापखान्यात जुळारी होते. खिळ्यांच्या केससमोर उभे राहून ते नजर कागदावर ठेवायचे, हात आपोआप त्या त्या खणात जायचा. खिळ्याचं तोंड बघायला कधी थांबले नाहीत. कुणी चुकून 'त'च्या खणात 'न' टाकला, तर तो बोटांनाच कळायचा. माझी बोटंही जागाच ओळखतात. डीची कळ माझ्यासाठी डावं मधलं बोट आहे, त्यावर काय छापलंय ते माझ्या लक्षातही नसतं.

टूलवाल्यांना काल पत्र पाठवलं. वहीतल्या १४ नोंदी तशाच्या तशा उतरवून दिल्या, आणि इन्स्क्रिप्टमध्ये कुठल्या कळेवर काय येतं त्याचा तक्ताही जोडला. लिहिलंय की हिंदी, बंगाली, तमिळवाल्या तुमच्या भाषांतरकारांनाही हे होत असणार, त्यांना विचारून बघा. उत्तर आलं की इथेच टाकते. कुणी आणखी अशाच टूलमध्ये काम करत असाल, तर तुमच्याकडे कोणते शॉर्टकट मराठीत मरतात ते खाली लिहा, मी यादी करून त्यांना पुन्हा पाठवेन.