सक्सिनेट तर क्रेब्स सायकलमधलं (पेशीच्या ऊर्जेच्या चक्रातलं), मग ते इन्फ्लमेशनचा (दाहाचा) सिग्नल कसं काय?

पेशीवेडा: बारावीपासून सक्सिनेट म्हणजे फ्युमरेटच्या आधीची पायरी एवढंच पाठ केलंय. आता एमएस्सीला सर म्हणाले की मॅक्रोफेजमध्ये (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशीत) तेच सिग्नल देतं. जाळायचा रेणू सिग्नल कसा होईल? कोणी नीट सांगा ना, परीक्षेपुरतं नको.

मायटोमावशी: खूप चांगला प्रश्न. बॅक्टेरियाच्या कवचातलं एलपीएस मॅक्रोफेजला लागलं की ती ग्लायकोलिसिस (ग्लुकोज तोडणं) वाढवते आणि आत सक्सिनेट साठायला लागतं, त्यातलं बरंचसं ग्लुटामिनपासून बनतं. मग ते मायटोकाँड्रियातून बाहेर सायटोसोलमध्ये (पेशीतल्या द्रवात) येतं आणि प्रोलिल हायड्रॉक्सिलेज या एन्झाइमला अडवतं. का अडवतं ते बघ, त्या एन्झाइमच्या रिॲक्शनमधून सक्सिनेटच तयार होतं, म्हणजे प्रॉडक्ट साठलं की काम थंडावतं. एरवी हे एन्झाइम हिफ-१ अल्फावर (ऑक्सिजन कमी पडला की जीन्स चालू करणाऱ्या प्रोटीनवर) खूण करतं आणि ते प्रोटीन नष्ट होतं, आता ऑक्सिजन असूनही हिफ टिकतं आणि आयएल-१ बीटाचं (इन्फ्लमेशन पेटवणाऱ्या प्रोटीनचं) जीन जोरात चालू. हे २०१३ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ल्यूक ओनील यांच्या ग्रुपने दाखवलं. २-डीऑक्सीग्लुकोजने ग्लायकोलिसिस रोखलं तर आयएल-१ बीटा पडला पण टीएनएफ (इन्फ्लमेशनचंच दुसरं प्रोटीन) तसाच राहिला, मला तर तो पेपरचा सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

पेशीवेडा: वा, प्रॉडक्टचा मुद्दा कोणी शिकवलाच नव्हता! आणि पेशीबाहेर गेलं तर?

रिसेप्टरवाला: बाहेर त्याला रिसेप्टर आहे, एसयूसीएनआर१, आधीचं नाव जीपीआर९१. सक्सिनेट त्याला बसतं हे २००४ मध्ये कळलं, तेही किडनी आणि ब्लडप्रेशरच्या कामातून. पण ‘सक्सिनेट म्हणजे आग’ असं सरसकट धरू नकोस, चरबीतल्या मॅक्रोफेजमध्ये हाच रिसेप्टर इन्फ्लमेशन शमवतो असंही दिसलंय.

मायटोमावशी: आणि इटाकोनेट हा रेणू विसरू नका! हीच मॅक्रोफेज आयआरजी१ एन्झाइमने ते बनवते, ते सक्सिनेट डिहायड्रोजिनेजला (सक्सिनेट ऑक्सिडाइज करून फ्युमरेट बनवणाऱ्या एन्झाइमला) रोखतं, म्हणजे सक्सिनेट आणखी साठतं, तरी इन्फ्लमेशन कमी होतं. उलटं वाटतं ना? २०१६ च्या कामात याचा उलगडा सापडतो: नुसतं साठून भागत नाही, ते ऑक्सिडाइज व्हावं लागतं, तेव्हा इलेक्ट्रॉन उलटे कॉम्प्लेक्स वनकडे (मायटोकाँड्रियातल्या इलेक्ट्रॉन साखळीच्या पहिल्या कडीकडे) जाऊन आरओएस (ऑक्सिजनचे तीव्र क्रियाशील रेणू) तयार होतात आणि ते हिफला धरून ठेवतात. डायमिथाइल मॅलोनेटने ते ऑक्सिडेशन थांबवलं तर आयएल-१ बीटा घटला, इन्फ्लमेशन शमवणारा आयएल-१० वाढला. फक्त पेपर वाचताना साधं इटाकोनेट वापरलंय की ४-ऑक्टिल इटाकोनेट (त्याचं रासायनिक बदल केलेलं रूप) ते आधी बघ, दोघांचे परिणाम सारखे नसतात.