‘गेट आउट’ : खेळापूर्वी प्रेक्षकांना किती सांगावे?

प्रश्न : कोथरूडची प्रेक्षक
आमच्या छोट्या चित्रपट मंडळात येत्या रविवारी जॉर्डन पील यांचा ‘गेट आउट’ (२०१७) दाखवायचा आहे. ख्रिस हा कृष्णवर्णीय छायाचित्रकार आपल्या गोऱ्या प्रेयसीच्या, रोझच्या, आईवडिलांना प्रथमच भेटायला जातो, एवढेच कथानक मी निमंत्रणात दिले आहे. मंडळातील काही ज्येष्ठांचे म्हणणे असे की, अमेरिकेतील वर्णभेदाची पार्श्वभूमी ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला यात भीती वाटणार नाही. प्रास्ताविक करावे का? चित्रपट मी पाहिला आहे, त्यामुळे उत्तरांत कथा उघड झाली तरी हरकत नाही. इतरांनी मात्र जपून वाचावे.

नारायणपेठी
अजिबात करू नये. यातली भीती सौजन्यातून येते. रात्री सिगारेट ओढून परतणाऱ्या ख्रिसला रोझची आई समोर बसवून घेते, संमोहनाने व्यसन सोडवण्याच्या गोष्टी करत कपात चमचा फिरवत राहते, आणि परक्या घरी पाहुणा असल्यामुळे तो उठत नाही. उठावेसे वाटते तेव्हा शरीर त्याचे ऐकत नाही. होणाऱ्या सासूबाईंसमोरून उठायचे कसे, हा संकोच पुण्यात समजावून सांगावा लागेल असे मला वाटत नाही.

डेक्कनवरून
वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. हा केवळ सासुरवाडीचा संकोच मानला, तर चित्रपटाचा कणाच निघून जातो. ओबामांना तिसऱ्यांदाही मत दिले असते असे रोझचे वडील आवर्जून सांगतात, पाहुणे ख्रिसचे दंड चाचपतात, आणि बागेतला तो निःशब्द बिंगोचा खेळ प्रत्यक्षात त्याचा लिलाव असतो. गुलामांच्या बाजाराची आठवण नसेल, तर हा प्रसंग नुसता विचित्र वाटेल. शेवटी पोलिसांच्या गाडीसारखे दिवे दिसताच प्रेक्षकाचा श्वास अडकतो, तोही अमेरिकी पोलिसांच्या कृष्णवर्णीयांशी वागण्याच्या इतिहासामुळे. (पील यांनी आधी चित्रित केलेल्या शेवटात ख्रिसला खरोखरच अटक होते.) आणि ज्येष्ठांना हे परके वाटू नये. ‘आम्ही जातपात मानत नाही हो’ असे म्हणत भाडेकरूचे आडनाव, मूळ गाव आणि स्वयंपाकघरातला आहार गोड आवाजात विचारून घेणारे घरमालक याच शहरात आहेत. त्या प्रश्नांना उत्तरे देत उभे राहावे लागलेल्या प्रेक्षकाला प्रास्ताविकाची गरज सर्वांत कमी भासेल. इतरांसाठी, लिलाव आणि पोलीस या दोन गोष्टींचा इतिहास, कथेचा उल्लेख न करता, दोन-तीन वाक्यांत सांगावा.

रात्रीचा खेळ
माझी सूचना प्रास्ताविकापेक्षा नंतरच्या चर्चेविषयी आहे. गाडी रोझ चालवत असूनही, हरिणाला धडक बसल्यानंतर पोलीस ख्रिसकडे ओळखपत्र मागतो आणि ती त्याच्याशी हुज्जत घालते. प्रथम पाहताना ती प्रियकराच्या बाजूने उभी आहे असेच वाटते. ख्रिसला फसवून तिथे आणणारी रोझच आहे हे शेवटी कळल्यावर मात्र, तो तिच्यासोबत होता याची कुठेही नोंद राहू नये म्हणून ती भांडत असावी, अशी शंका येते. पील यांच्या पटकथेला २०१८ मध्ये ऑस्कर मिळाले ते अशा दुहेरी विणीमुळेच असावे. चर्चेआधी तेवढा प्रसंग पुन्हा लावावा.