जुन्या बंगलीत 22 माणसांची गाण्याजेवणाची संध्याकाळ केली, 2,800 चा खड्डा पडला. पुढची कशी करू?

तलावकाठची

नमस्कार मंडळी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडच्या अलीकडे, तलावाच्या पाळीला लागून आमची एक जुनी बंगली आहे. मालगुजारीच्या (आमच्याकडची जमीनदारी) काळात सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेली. छोट्या लाईनीनं (नॅरोगेज रेल्वेनं) येणारे पाहुणे आणि दौऱ्यावरचे साहेबलोक तिथे उतरायचे. 1951 ला मालगुजारी गेली, 2019 ला नागपूर-नागभीड छोटी गाडीही थांबली. बंगली आहे तशी आहे. सागवानी खांब, वर कवेलू (कौलं), समोर लांबच लांब सपरी, म्हणजे पडवी. दरवर्षी कवेलू फेरायलाच इतका खर्च येतो की यजमान म्हणतात, विकून मोकळे होऊ.

मी म्हटलं, आधी काही करून तर पाहू. जानेवारीत एका शनिवारी नागपूरचे 22 जण बोलावले. जेवायला वडाभात, वांगं आणि पोपटीच्या (वालाच्या) दाण्यांची भाजी, कढी, भिवापुरी मिरचीचा ठेचा, मोहाचे लाडू. गाण्याला भंडाऱ्याकडची खडी गंमतची (आमच्याकडचा लोकनाट्याचा प्रकार) पार्टी, सहा जणांची.

झालं असं, की हॉटेलात असते तसं जेवण आणि गाणं एकाच वेळी सुरू केलं. शाहिरांनी गवळण धरली आणि इकडे वड्यांचा दुसरा घाणा आला. कोणी तेल मागतंय, कोणी भात. त्यात माईकनं शिट्टी मारली. शाहीर मध्येच थांबले, हसले आणि म्हणाले, "होऊ द्या जेवणं." नंतर पुन्हा उभे राहिले, पण रंग भरला नाही. पार्टी जेवायला बसली तेव्हा साडेदहा वाजले होते आणि वडे संपले होते. सहा कलावंतांना मी नुसता कढीभात वाढला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

हिशेब: पार्टीची बिदागी 6,000, त्यांच्या गाडीचे 1,800, किराणा-भाजी 4,200, हाताखालच्या तिघींची मजुरी 1,500, जनरेटर 1,200. एकूण 14,700. माणशी 700 रुपये ठेवले होते. पण 22 मधले पाच "आपलेच" निघाले, म्हणजे जमा 11,900.

आता विचारायचं ते हे. गाणं आधी की जेवण आधी? दर किती ठेवू? आणि माडीवर बसवलं तर 40 माणसं मावतात, तसं करू का?

डफवाला_गोंदिया

ताई, राग मानू नका, पण चूक माईकची नव्हती. जेवता जेवता वाजवणं हे लग्नातल्या बँडचं काम. खडी गंमत नावाप्रमाणं उभ्यानं होते, समोर माणूस मांडी घालून बसलेला लागतो. शाहीर त्याच्या तोंडाकडे पाहून ठरवतो, गवळण लांबवायची की सवाल टाकायचा. त्याच्या तोंडात वडा असेल तर शाहिरानं कोणाकडे पाहायचं?

दुसरी गोष्ट, तुमची बंगली तलावाच्या पाळीवर. जानेवारीत दिवस कलला की तिथे गारठा चढतो आणि डफाचं कातडं ढिलं पडते. मग थाप मारली की "धब" येते, "ठण्ण" येत नाही. तुमच्या पार्टीनं डफ कुठे शेकला? सपरीच्या कोपऱ्यात कागद जाळून शेकला असेल तर पहिल्या दहा मिनिटांतच आवाज उतरला असणार. माझे वडील पाटलाच्या घरी वाजवायला गेले की आधी चूल कुठे आहे ते विचारत. लोकांना वाटे, बुढ्याला भूक लागली.

मी म्हणतो, पार्टी चार वाजता बोलवा, पाच वाजता तिला पोटभर जेवू घाला, सगळ्यांच्या आधी. भरल्या पोटी नाच्या नाचत नाही, हे खोटं आहे. सहाला गण (सुरुवातीचं गणेशवंदन) सुरू. मध्ये घड्याळ दाखवायचं नाही. पाऊण तास ठरवला आणि सव्वा तास झाला तर होऊ द्या. गाणं थांबलं की पंगत.

आणि दिवाळीनंतर मंडईच्या (गावोगावच्या जत्रांच्या) दिवसांत बोलवू नका. तेव्हा चांगली पार्टी मिळत नाही. जी मिळते ती सहसा उरलेली असते.

आर्वीची_अन्नपूर्णा

मी वर्धा जिल्ह्यात लग्नाचे, तेरवीचे स्वयंपाक करते, 30 पासून 300 पानांपर्यंत. तुमचा बेत चांगला होता, वेळ चुकली. वडाभात हा वाट पाहणारा पदार्थच नाही. वडा कढईतून निघाला की पाच मिनिटांत भातावर कुस्करून वर हिंग-मोहरी-लाल मिरचीचं कडकडीत तेल पडलं पाहिजे. थंड वडा म्हणजे नुसतं भिजल्या डाळीचं ढेकूळ. गाणं लांबलं तर वड्यांचं काय करणार?

म्हणून गाण्याच्या रात्री पानगे करा. कणकेचे गोळे पळसाच्या पानात गुंडाळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात सोडले की अर्धा तास मागेपुढे झाला तरी बिघडत नाहीत, राखेत आणखी खरपूस होतात. सोबत तुरीचं वरण, वांग्याची पातळ भाजी, वर सांबार (कोथिंबीर) आणि तूप सढळ. वडाभात दुपारच्या पंगतीला ठेवा, जेव्हा गाणं नाही.

दराचं म्हणाल तर 700 फारच कमी, तुम्ही तर सहा कलावंत उभे केले! 1,200 ठेवा आणि पैसे आधी घ्या. "आपले" आले तर येऊ द्या, पण त्यांना वाढायला उभं करा. माझ्या नणंदेला मी असंच मीठ वाढायला लावलं. तेव्हापासून ती फोन करून येते.

आणि तुम्ही लिहिलं नाही, पण कोणीतरी "व्यवस्था" (दारूची) आहे का विचारलं असेलच. आमच्या वर्ध्यात दारूबंदी, म्हणून तो प्रश्न नाही, निदान कागदावर. तुमच्याकडे 2021 ला बंदी उठली, तरी घरची मोहाची काढून वाढायच्या भानगडीत पडू नका. मोहाचे लाडू पुरे.

निवृत्त_ओव्हरसियर

माडीबद्दल. 40 माणसं मुळीच नाही. जुन्या सागवानाला वरून काही दिसत नाही, उधई (वाळवी) आतून पोखरते. नाटीचं (माडीखालच्या आडव्या लाकडाचं) टोक भिंतीत जिथे जाते तिथे टोच्या मारून पाहा, भुसा निघाला तर समजा. शिवाय खाली ढोलकी, वर माणसं ठेका धरणार! एखाद्या स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय वर दहाही नको. सपरी शेणानं सारवलेली असेल तर तिथेच बसवा. सारवणावर सतरंजी टाकली की आवाज घुमत नाही, फरशीच्या खोलीत घुमतो.

कागदांचं: ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम आहेत. उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा तर लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 बंदी. 100 मीटरच्या आत शाळा असेल तर तो पट्टा शांतता क्षेत्रात येऊ शकतो. 22 माणसांना माईक हवाच कशाला? पैसे घेऊन जेवू घालता, तर अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या. उलाढाल लहान असेल तर साधी नोंदणी चालते.

आणि माणसं लवकर सोडा. नागपूरला जाणारा भिवापूर-उमरेडचा रस्ता कऱ्हांडल्याच्या जंगलाजवळून जातो. रात्री अकराला झोपाळू ड्रायव्हर आणि रस्त्यावर रानडुक्कर, ही जोडी मी नोकरीत बरीच पाहिली.

तलावकाठची

सगळ्यांचे आभार. सकाळी यजमानांनी माडीच्या तीन नाट्या टोचून पाहिल्या. दोन ठीक, तिसरीत टोच्या बोटभर आत गेला. माडीला कुलूप लावलं. जिल्हा परिषदेची शाळा आमच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणजे माईकचाही विषय संपला. जनरेटरचे 1,200 वाचले, कंदील माळ्यावर पडलेच आहेत.

सपरी मोजली. एका ओळीत 14 पानं बसतात, समोरासमोर 28. त्यातली सहा पार्टीची, म्हणजे पाहुणे 22 च. एकच पंगत. दर 1,200.

अन्नपूर्णाताई, पानग्यांचं पटलं, पण आमच्या झाडीपट्टीत (पूर्व विदर्भाच्या धानाच्या मुलखात) पाहुण्याला भात नाही वाढला तर सासूबाई बोलून दाखवतील. शेवटी थोडा एचएमटी तांदळाचा भात ठेवते. तो वाण शोधणाऱ्या दादाजी खोब्रागडेंचं नांदेड गाव आमच्याच तालुक्यातलं, तेव्हा तो हक्कानं.

डफवालेभाऊ, तुमचं वाचून शाहिरांना फोन केला. आधी माफी मागितली. ते म्हणाले, "बाई, कढी चांगली होती." मग विचारलं, डफ कुठे शेकला होता? म्हणाले, शेकलाच नाही, तुमच्या स्वयंपाकघरात यायला संकोच वाटला. आता अंगणात वेगळी आगटी (शेकोटी) करते. शेकायला गोवऱ्या बऱ्या की तणस (धानाचा पेंढा)?

डफवाला_गोंदिया

तणस. गोवरीची आच एकाच जागी लागते, कातडं करपते. मूठ मूठ तणस टाकायचं, जाळ उठला की डफ वरून फिरवायचा आणि बोटानं टिचकी मारत ऐकत राहायचं. धान निघाल्यावर तुमच्याकडे तणसाचे ढिगारेच असतील. गण झाल्यावर एकदा पुन्हा शेकावा लागेल, तेवढी आगटी विझू देऊ नका.